ओळीच्या शेवटचा डावा हात

मोठीला लय नाही, असं तिच्या तोंडावर म्हणायची छाती आजवर कुणाची झाली नव्हती. वकिलांच्या कचेरीत टाईपरायटर बडवण्यात तिची अख्खी नोकरी गेली होती. तिचा खडखडाट ऐकून बाहेरच्या बाकावर बसलेली अशील मंडळीसुद्धा नकळत पाय हलवू लागायची. अशा बाईला कोण लय शिकवणार? पण निवृत्त झाल्यावर तिने सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर भरणाऱ्या संगीताच्या वर्गात नाव घातलं, आणि आता तिच्या मुलाहून लहान वयाचे एक सर तिला लय शिकवत होते. ती मुकाट ऐकूनही घेत होती. कारण तिला पियानो वाजवायचा होता, आणि नुसता नाही, जोडीने वाजवायचा होता.

जोडीला होती तिची धाकटी जाऊ. घर एकच, मोठी खालच्या मजल्यावर, धाकटी वरच्या. धाकटीचं केस कापायचं दुकान होतं आणि तिथे गिऱ्हाइकं कायम खोळंबलेली, त्यामुळे तिचा सगळा कारभारच धावतपळत चाले. जेवण पळत, बोलणं पळत, हसणंसुद्धा समोरच्याचा विनोद पुरा व्हायच्या आत. तीस वर्षं दोघी जिन्यात भेटत आल्या आणि तीस वर्षं त्याच गोष्टी बोलत आल्या: पाण्याची टाकी भरली का, किल्ली कुणाकडे आहे, सासूबाईंचं औषध दिलं का. सासूबाई गेल्या तसा औषधाचा विषयही गेला आणि बोलायला टाकी नि किल्ली तेवढी उरली. भांडण म्हणाल तर कधी झालं नाही. भांडायलासुद्धा थोडी जवळीक लागते, तेवढीही त्यांच्यात नव्हती.

मग एके दिवशी जिन्यातच मोठी म्हणाली की मी संगीत शिकायला जाणार आहे, आणि तिचं वाक्य संपायच्या आत धाकटी म्हणाली, "मी पण!" झालं. तेव्हापासून दर शनिवारी दोघी पियानोसमोरच्या अरुंद बाकावर खांद्याला खांदा लावून बसू लागल्या, आणि मोठीला आपली जाऊ नव्याने सापडली. ती फक्कड नकला करते, ती घाबरली की तिचे कान लाल होतात, हे सगळं मोठीला तीस वर्षांनंतर कळत होतं. शनिवारची ती इतकी वाट बघायची की शुक्रवारीच तिची चप्पल पुसून दाराशी तयार असायची.

सर शिकवायचेही झकास. अंगाने काडीपैलवान, पण खडू हातात आला की त्यांच्या अंगात यायचं.

"स्वर म्हणजे पाहुणे," पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते आणि फळ्यावर एक पोकळ गोल काढला होता. "हा आला की चार मात्रा बसणार. ऐसपैस. गोलाला दांडी लागली की दोन मात्रा. दांडीवाल्याच्या शेजारी टिंब दिलं, की तो उठता उठता आणखी एक मात्रा रेंगाळतो. पोट भरून काळं केलं, की एकच मात्रा. आणि दांडीला शेपूट फुटलं की अर्धी, म्हणजे दारातूनच 'बरंय, निघतो' म्हणणारा."

"आणि हे नागमोडी काय?" मोठीने विचारलं.

"विराम. पाहुणा आलाच नाही, पण त्याची खुर्ची मांडलेली आहे. खुर्ची रिकामी असली तरी तिची मात्रा मोजायची. आणि लय म्हणजे घरातलं घड्याळ. सावकाश चालो की भरभर, पाहुणा बघून त्याने पळायचं नाही आणि थांबायचंही नाही."

"आमच्याकडे कुणी चार मात्रा बसला ना, तर मी दिवाच मालवते," धाकटी म्हणाली, आणि सगळा वर्ग खो खो हसला.

हसण्यावारी गेलं खरं, पण पुढे नेमकं तेच नडलं. नवशिक्यांचा कार्यक्रम ठरला, एका रविवारी, वाचनालयाच्या सभागृहात, आणि सरांनी या दोघींसाठी चालण्याच्या ठेक्यातली एक धून स्वतः बांधली. चार हातांनी एकाच पियानोवर वाजवायची. डावीकडे मोठी बसणार आणि जाड आवाजाच्या पट्ट्यांवर दमदार पावलं टाकत राहणार, एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. उजवीकडे धाकटी, आणि गाणं तिच्या बोटांत. कागदावरच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी मोठीला तीन मात्रांचा एक लांब स्वर होता आणि चौथ्या मात्रेला विराम. धाकटीला त्याच जागी चार मात्रांचा तो ऐसपैस पाहुणा. मग लगेच पुढची ओळ, दोघींनी एकदम.

आणि दर वेळी गाडी इथेच घसरायची. धाकटी तिसऱ्या मात्रेलाच पाहुण्याला घराबाहेर काढून पुढच्या ओळीत शिरायची. मोठी मात्र एका मात्रेच्या विरामाला चांगल्या दोन मात्रा लावून मागाहून, सावकाश, वरातीमागून घोडं यावं तशी यायची. एकीचं पुढे, एकीचं मागे, आणि मधल्या मध्ये धुनीचं भजं.

धाकटीचा दोष सरांना कळत होता. मोठीचा काही केल्या कळेना. त्यांनी तिच्याकडून मात्रा टाळ्यांवर वाजवून घेतल्या, टाळ्या बिनचूक. टकटक ठोके देणारा लाकडी मेट्रोनोम लावला आणि विराम तोंडाने म्हणायला लावला, बिनचूक. मग पुन्हा पियानोवर बसवलं, आणि पहिल्या ओळीच्या शेवटी ती आपली पुन्हा एक मात्रा मागे. सर पियानोच्या उजव्या अंगाला उभे राहून डोकं खाजवत राहिले. मोठीला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं वय झालं, आपल्याला आता हे जमायचं नाही, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

गुरुवारच्या जादा तालमीत सरांनी अखेर तो विषय काढला. वर्गात एक दातांचे डॉक्टर होते, अतिशय सभ्य गृहस्थ, आणि त्यांची जोडीदारीण ऐन वेळी परगावी गेलेली. "मोठ्या काकू, राग मानू नका," सर म्हणाले, "पण धाकट्या काकूंची घाई एक वेळ सांभाळून घेता येईल. एक पुढे पळणारी आणि एक मागे राहणारी, अशी जोडी मला सभागृहात नेता यायची नाही. डॉक्टरांना खालचा भाग येतो. शनिवारी तुमची एकदा शेवटची तालीम बघतो. नाहीच जमलं, तर धाकट्या काकू, डॉक्टरांबरोबर..."

"चालेल की!" धाकटी म्हणाली.

म्हणून गेली आणि तिचे कान लाल झाले. पण बाण सुटला होता. मोठीने कागद गोळा केले, चप्पल घातली आणि ती एकटीच जिना उतरली. रस्ताभर तिच्या डोक्यात ते दोनच शब्द. रविवारी आपण प्रेक्षकांत बसणार, आणि आपल्या बाकावर आपल्या जागी कुणी दुसराच बसून तिच्या नकलांना हसणार! आणि मग सोमवारपासून पुन्हा टाकी नि किल्ली. मोठीला याचीच भीती वाटत होती, पियानोची नाही.

शुक्रवारी दुपारी ती हट्टाने जेवणाच्या टेबलाशी बसली. घरी पियानो नव्हताच. टेबलाची कड म्हणजे पट्ट्या असं मानायचं, कागद पाण्याच्या जगला टेकवायचा, आणि बोटं चालवायची. तिच्या डाव्या हाताला नवरा वर्तमानपत्र वाचत बसला होता, शेजारी चहाचा कप. मोठीने डोळे कागदावर लावले. हाताकडे बघायचं नाही, हा टायपिंग शिकताना तिला मिळालेला पहिला धडा, आणि तो तिने जन्मभर पाळला होता. एक दोन तीन चार. ओळ सरत आली. एक दोन तीन, आणि विराम.

कप आडवा झाला, चहा वर्तमानपत्रावरून ओघळत नवऱ्याच्या मांडीवर गेला, आणि नवरा खुर्चीसकट मागे सरकला.

"अगं! ओळ संपली वाटतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे?" सदरा झटकत तो म्हणाला. "तुला कचेरीत न्यायला यायचो ना, तेव्हा तुझ्या डाव्या बाजूला उभं राहायची सोय नव्हती. ओळ संपली, घंटी वाजली, की हा हात आलाच वर, दांडा धरून तो रोलर मागे ढकलायला. लग्नाआधी एकदा हे कोपर माझ्या पोटात बसलंय. विसरलीस तू, मी नाही विसरलो."

मोठीने मान वळवून आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो अजून वरच होता. टेबलाच्या कडेपासून वर आणि डावीकडे, बोटं जुळवून, तिथे नसलेल्या दांड्यावर ठेवलेला.

"अहो, थांबा. हलू नका," ती म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा हाताकडे बघत तिने तीच ओळ पुन्हा वाजवली. एक दोन तीन, आणि हात आपला आपण उठला. वर गेला, डावीकडे गेला, हवेला उजवीकडे एक सणसणीत ढकल दिली आणि गुमान परत येऊन जागेवर बसला. त्या सगळ्या येण्याजाण्यात बरोबर दोन मात्रा गेल्या, विरामाची एक आणि वरची एक. सर उजव्या अंगाला उभे राहायचे, धाकटी उजवीकडे बसायची, आणि हा चोर डावीकडे सगळ्यांच्या नजरेआड आपला उद्योग करून यायचा.

"अहो, मला लय आहे!" मोठी इतक्या जोरात ओरडली की वरच्या मजल्यावर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. "विराम चुकत नाहीये मी! मी ओळ बदलतेय! विराम आला की ओळ बदलतेय!"

"लय आहे, कबूल," नवरा म्हणाला. "मला दुसरा सदरा आहे का ते बघ."

तिने त्याला भिजल्या सदऱ्यासकट मिठी मारली. मग संध्याकाळपर्यंत दोघांनी नाना खटपटी केल्या. तिने हात टेबलावर दाबून धरला, तर बाकीची बोटं लटकी पडली. नवऱ्याने मनगट धरलं, तर हाताने त्यालाही बरोबर ओढून नेलं. कागदाच्या ओळी कापून, एकीला एक चिकटवून लांबलचक पट्टी केली, म्हणजे ओळ संपायलाच नको. पण ती टेबलावरून खाली लोंबू लागली आणि ती कुणीतरी ओढायला हवी, आणि ओढणारा नवरा म्हणजे आधीच उल्हास. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा तो हात. दुखणं कळलं होतं, औषध सापडलं नव्हतं, आणि शनिवार उजाडला.

जिन्यात धाकटी उभीच होती. "ताई, गुरुवारी मी ते..."

"उशीर होतोय," मोठी म्हणाली. धाकटीला उशीर होतोय म्हणून गप्प करणारी ती पहिलीच. दोघी सायकलच्या दुकानापर्यंत एकीमागे एक चालत गेल्या.

वर डॉक्टर आधीच येऊन बसले होते. नखं कापलेली, चष्मा पुसलेला, मांडीवर कागद. "सावकाश होऊ द्या हं, काकू," ते इतक्या मायेने म्हणाले की मोठीला त्यांचा धड रागही येईना. सरांनी मेट्रोनोम लावला, दोघी बाकावर बसल्या. मोठीने दात आवळून डावा हात पट्ट्यांवर दाबून धरला. त्याला उठू द्यायचं नाही, बस्स. पहिली ओळ संपता संपता तिचं सगळं लक्ष त्या एका हातात गेलं आणि उजव्याने भलतीच पट्टी दाबली. तोवर धाकटी पुढच्या ओळीत पोचून चार पावलं चालूनही गेली होती. दोघींच्या बोटांचा असा काही गोंधळ झाला की दोघी आपोआपच थांबल्या.

सरांनी मेट्रोनोम बंद केला. डॉक्टर कागद सावरत उठले.

"बसा हो डॉक्टर!" धाकटी कडाडली. डॉक्टर खाली बसले. "सर, आणखी एकदा. एकदाच."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग मोठीकडे, आणि मेट्रोनोम पुन्हा सोडला.

टक, टक, टक, टक. मोठीच्या छातीत त्याहून जोरात चाललं होतं. दाबून धरून हा हात ऐकत नाही, तिने विचार केला, आणि सोडला तर मात्रा खातो. एक दोन तीन चार. पावलं पडू लागली. वर धाकटीचं गाणं सुरू झालं. ओळ सरत आली, लांब स्वर आला, एक, दोन, तीन, आणि हात उठला. उठलास ना? मोठी त्याला मनात म्हणाली. जातोस तर जा. पण रिकामा येऊ नकोस.

हात डावीकडे गेला आणि तिने त्याला हवेत ढकलू न देता खाली सोडला. पियानोच्या पार डाव्या टोकाला, जिथे या वर्गात कुणीच कधी पोचलं नव्हतं तिथे, एक जाडजूड, खोल, पोटातून आल्यासारखा स्वर धम्मकन वाजला. नेमका चौथ्या मात्रेवर. ढकलायला वेळच उरला नाही. हात उडी मारून परतला आणि पुढच्या ओळीच्या पहिल्या मात्रेला हजर झाला.

आणि धाकटी? तिसरी मात्रा सरता सरता तिचं बोट पट्टीवरून उठायच्या बेतात होतं. तो धम्म आवाज आला आणि ते बोट जागच्या जागी चिकटलं. तिने श्वास घेतला. चार मात्रा पुऱ्या झाल्या आणि दोघी पुढच्या ओळीत एकदम शिरल्या, एकाच दारातून, एकाच पावलावर. मोठीच्या अंगावर काटा आला. दुसरी ओळ सरली. एक, दोन, तीन, धम्म! धाकटी थांबली, मग निघाली. तिसरी ओळ. एक, दोन, तीन, धम्म! आता वर्गातली बाकीची मंडळी खुर्च्या पुढे ओढून बसली होती आणि त्या चौथ्या मात्रेची वाटच बघत होती. सरांनी मेट्रोनोमचा काटा हाताने धरून थांबवला आणि हवेत हात फिरवून खूण केली: लय वाढवा! दोघींनी वाढवली. खालच्या दुकानातली हातोडी थांबली. धून धावत होती, पण पळत सुटली नव्हती, आणि शेवटचा स्वर दोघींनी एकत्र उचलला तेव्हा मोठीला आपण रडतोय की हसतोय हेच कळेना.

टाळ्या पडल्या. सर मात्र कागदावर वाकले होते.

"मोठ्या काकू, हा स्वर मी लिहिलेला नाही."

"नाही," मोठी म्हणाली. "तो माझा आहे." आणि तिने सगळं सांगितलं, टाईपरायटर, दांडा, कप, सदरा, सगळं. सांगताना हात आपसूक वर गेला, तेव्हा तर वर्ग हसून हसून लोळायचा राहिला. सरांनी खोडरबर घेतलं आणि पहिल्या ओळीच्या शेवटचा विराम पुसून टाकला. तिथे सगळ्यात खाली, दांडीचा एक काळा स्वर काढला.

"एक पट्टी उजवीकडे घ्या फक्त, म्हणजे सुरात बसेल. बाकी असंच. प्रत्येक ओळीला." मग ते वळले. "डॉक्टर?"

"मला नाही बुवा जमायचं," डॉक्टर हसत म्हणाले आणि त्यांनी आपला कागद घडी करून खिशात घातला. "इतक्या वर्षांची सवय मी एका दिवसात कुठून आणू?"

"आणि धाकट्या काकू, तुम्हाला? रविवारी मोठ्या काकूंबरोबर?"

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिचं उत्तर प्रश्नाच्या आधीच यायला हवं होतं, पण आलं नाही. ती पट्ट्यांकडे बघत बसली. तिचे कान लाल झाले होते.

"सर, परवा मी चालेल म्हणाले, तेव्हा तुमचा प्रश्न मी पुरता ऐकलाच नव्हता," ती म्हणाली. मग मोठीकडे वळली. "ताई, घाई करू नकोस असं मला लहानपणापासून सगळे म्हणत आलेत. आई म्हणायची, सासूबाई म्हणायच्या, दुकानात गिऱ्हाइकंसुद्धा म्हणतात. म्हणतात सगळे. पण धरून कुणी ठेवलं नाही. आज तुम्ही धरलंत. मला डॉक्टरांबरोबर नाही वाजवायचं, ताई. मला तुमच्याबरोबरच वाजवायचंय."

मोठीने तिचा हात हातात घेतला. थंडगार पडला होता तो.

"मग तू खुशाल पळ," मोठी म्हणाली. "मी आहे चौथ्या मात्रेला."

सरांनी पुढच्या ओळीचा विराम पुसायला घेतला.